एजंट ऑरेंज, सोयाबीनचा एक प्रबंध आणि मागे राहिलेली नावं

प्रश्न असा आला आहे: "आर्थर गॅल्स्टन या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाच्या सोयाबीनवरच्या पीएच.डी.तून एजंट ऑरेंज जन्माला आलं, असं वाचलं. हे खरं आहे का? आणि पिकांचं शरीरक्रियाशास्त्र शिकणाऱ्या माणसाचा रासायनिक-जैविक युद्धाशी खरंच इतका जवळचा संबंध येतो का?"

एजंट ऑरेंज म्हणजे व्हिएतनाम युद्धात अमेरिकेने झाडी आणि पिकं उजाड करायला विमानांतून फवारलेलं तणनाशक. पहिल्या भागाचं उत्तर: नाही, निदान जसं सांगितलं जातं तसं नाही. दुसऱ्याचं उत्तर: हो, येतो. आणि गॅल्स्टन यांच्यापेक्षा कितीतरी थेट संबंध असलेली माणसं होऊन गेली, त्यांची नावं मात्र फारशी कोणी घेत नाही. पिकांची संप्रेरकं आणि तणनाशकं हाच आयुष्यभर माझा विषय राहिला, त्यामुळे जरा खोलात जाऊन लिहितो.

गॅल्स्टन यांचा जन्म 1920 चा, न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनचा. कॉर्नेलहून पदवी घेऊन ते इलिनॉय विद्यापीठात गेले आणि 1943 मध्ये तिथे पीएच.डी. झाले. विषय होता सोयाबीनचा फुलोरा. सोयाबीन लहान दिवसाचं पीक आहे. रात्र पुरेशी लांब झाल्याशिवाय फूल धरत नाही, हे विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांना सांगायला नको. उत्तर अमेरिकेत अडचण अशी की फुलोरा उशिरा आला तर शेंगा भरायच्या आत थंडी येते. म्हणून फुलोरा लवकर आणि भरपूर आणता येईल का, यासाठी त्यांनी ट्रायआयोडोबेंझॉइक आम्ल वापरून पाहिलं. प्रयोगशाळेत याला सगळे 'टीबा' म्हणतात. अगदी कमी मात्रेत फुलांच्या कळ्या वाढल्या. मात्रा वाढवली तर झाडाची पानंच गळून पडली. दुसरी नोंद त्यांच्या दृष्टीने दुष्परिणामाची होती: इतकं वापरू नका, पीक जाईल.

पान का गळतं ते कळलं की पुढचा सगळा प्रकार उलगडतो. पानात तयार होणारं ऑक्झिन, म्हणजे झाडाचं वाढीचं संप्रेरक, देठातून सतत खाली वाहत असतं. हा प्रवाह चालू असेपर्यंत देठाच्या बुडाशी असलेला पेशींचा पातळ थर, जिथून पान तुटायचं असतं तो, शांत राहतो. प्रवाह आटला की तोच थर इथिलीन या वायुरूप संप्रेरकाला प्रतिसाद द्यायला लागतो, पेशींच्या भिंती जोडणारा पदार्थ विरघळतो आणि पान खाली येतं. टीबा ऑक्झिनची ही वाहतूक अडवतं. म्हणजे हिरव्यागार, निरोगी पानाला झाड म्हातारं पान समजून सोडून देतं.

आता एजंट ऑरेंज बघा. त्यात टीबा नव्हतंच. ते 2,4-डी आणि 2,4,5-टी या दोन तणनाशकांच्या ब्युटाइल एस्टरांचं जवळपास निम्मं-निम्मं मिश्रण होतं. ही दोन्ही स्वतःच कृत्रिम ऑक्झिनं आहेत, म्हणजे टीबाच्या अगदी उलट बाजूची. टीबामुळे ऑक्झिनचा तुटवडा होतो, 2,4-डीमुळे पूर. झाड स्वतःचं ऑक्झिन काम झालं की मोडून टाकतं. 2,4-डी त्याला तितक्या सहज मोडता येत नाही. मग देठं पिळवटतात, खोड फुगून चिरतं, इथिलीन उसळतं, अन्नाची वाहतूक करणाऱ्या नळ्या निकामी होतात. झाड वाढता वाढता मरतं. रुंद पानांची झाडं अशी जातात. गवतवर्गीय पिकं बऱ्याच अंशी तगतात. उसात आणि गव्हात आपण 2,4-डी मारतो ते याच फरकाच्या जोरावर.

या दोन संयुगांचा वंशही वेगळा. इंग्लंडमध्ये आयसीआय या कंपनीत आणि रॉथमस्टेडच्या संशोधन केंद्रात 1940 नंतरच्या एक-दोन वर्षांत अशा संयुगांचा तणनाशक गुण सापडला होता आणि युद्धामुळे तो गुप्त ठेवला होता. अमेरिकेत बॉइस थॉम्प्सन संस्थेतल्या झिमरमन आणि हिचकॉक यांनी 1942 मध्ये 2,4-डी हे किती जोरकस ऑक्झिन आहे ते दाखवलं. इलिनॉयमधल्या एका विद्यार्थ्याच्या प्रबंधाची या साखळीत गरजच नव्हती.

मग युद्धाचा विचार आणला कुणी? इथे एझ्रा क्राउस यांचं नाव घ्यावं लागतं, आणि ते कृषीच्या विद्यार्थ्याला नवं नाही. फळझाडांच्या फुलधारणेत कर्ब-नत्र गुणोत्तर, म्हणजे झाडातल्या कर्बोदकांचं नत्राशी प्रमाण, शिकवतात ना, आंब्याच्या मोहोराच्या धड्यात हमखास येतं, ते क्राउस आणि क्रेबिल यांच्या टोमॅटोवरच्या 1918 च्या कामातून आलेलं. तेच क्राउस पुढे शिकागो विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्रमुख झाले. पर्ल हार्बरच्या हल्ल्यानंतर थोड्याच काळात, म्हणजे गॅल्स्टन यांचा प्रबंध पुरा व्हायच्याही आधी, त्यांनी सरकारी सल्लागारांपुढे मांडलं की वाढ नियंत्रित करणारी ही द्रव्यं शत्रूचं पीक नष्ट करायला वापरता येतील. जपानची भातशेती डोळ्यांसमोर होती. सैन्यातल्या कुणी येऊन त्यांच्याकडून हे वदवून घेतलेलं नाही. ज्याला हे सुचू शकत होतं तोच माणूस पुढे आला.

नंतरचं काम मेरीलँडमधल्या कँप डेट्रिकमध्ये चाललं. अमेरिकेचं जैविक युद्धाचं मुख्य केंद्र ते हेच, पुढे त्याचं फोर्ट डेट्रिक झालं. युद्धाच्या अखेरच्या दोन वर्षांत तिथे हजारावर संयुगं रोपांवर तपासली गेली. जपानवर वापर व्हायच्या आत युद्ध संपलं. 1946 मध्ये त्यातले बरेच निष्कर्ष शिकागोच्या 'बोटॅनिकल गॅझेट' या नियतकालिकात रीतसर छापून आले, पीकशास्त्राचे कुठलेही शोधनिबंध छापावेत तसे. तोवर 2,4-डी शेतकऱ्यांसाठी बाजारात येऊनही झालं होतं. एकाच संशोधनाला एकीकडे कृषी खातं टाळ्या वाजवत होतं, दुसरीकडे लष्कर फाईल उघडत होतं. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटिशांनी मलायातल्या बंडखोरांविरुद्ध रस्त्याकडेच्या झाडीवर 2,4,5-टी वापरलं, आणि अमेरिकेला पुढे दाखवायला एक आयता दाखला मिळाला.

गॅल्स्टन यांचं नाव यात आलं ते असं: पानगळ रासायनिक रीतीने घडवता येते हे त्यांच्या प्रबंधात नोंदलेलं होतं, आणि डेट्रिकच्या लोकांनी ते वाचून पानगळीच्या द्रव्यांच्या शोधात त्याचा आधार घेतला. युद्धानंतर गॅल्स्टन यांना हे कळलं. ते त्यांनी दडवलं नाही. उलट पुढची कित्येक वर्षं व्याख्यानांतून, लेखांतून ते स्वतःच सांगत राहिले. तुमच्या वाचनात आलेली गोष्ट मुळात त्यांच्याच तोंडून निघालेली आहे, फक्त फिरता फिरता ती "एजंट ऑरेंजचा जनक" इथवर फुगली. मला यातली खरी विसंगती ही वाटते. ज्याने उठून सांगितलं की यात माझाही एक धागा आहे, त्याच्याच नावावर पावती फाटली. ज्यांनी योजना मांडली, ते कर्ब-नत्र गुणोत्तराचे म्हणून पाठ्यपुस्तकात सुखरूप राहिले.

व्हिएतनामचं थोडक्यात. पहिली चाचणी-फवारणी ऑगस्ट 1961 मध्ये झाली, 'रँच हँड' ही मोहीम जानेवारी 1962 पासून जानेवारी 1971 पर्यंत चालली. एकूण 7 कोटी लिटरहून अधिक तणनाशकं फवारली गेली, त्यात निम्म्याहून जास्त एजंट ऑरेंज. नाव पिंपावरच्या रंगीत पट्ट्यावरून पडलेलं. जांभळा, गुलाबी, पांढरा, निळा असे इतर भाऊबंदही होते. मात्रेचा अंदाज यावा म्हणून सांगतो: सी-123 विमानं पाणी न मिसळता एकरी 3 गॅलन, म्हणजे सव्वाअकरा लिटरच्या आसपास, सोडत. उसातल्या शिफारशीशी ताडून पाहिलं तर क्रियाशील घटक कितीतरी पटीने जास्त भरतो. भात गवतवर्गीय असल्याने 2,4-डीला पुरेशी दाद देत नाही, म्हणून भातासाठी एजंट ब्लू, म्हणजे आर्सेनिकचं कॅकोडिलिक आम्ल. कुठलं पीक कशाने मरतं याचा असा काटेकोर हिशेब पीकशास्त्रज्ञाशिवाय कोण करून देणार?

एजंट ऑरेंजमधल्या डायऑक्सिन या अतिविषारी अशुद्धीबद्दल लोक गोंधळतात, तेही सांगून टाकतो. टीसीडीडी हा डायऑक्सिन मुद्दाम घातलेला नव्हता. 2,4,5-टीसाठी लागणारं ट्रायक्लोरोफिनॉल बनवताना तापमान वर गेलं की तो आपोआप तयार होतो. 2,4-डी बनवताना हा टीसीडीडी तयार होत नाही. त्यामुळे "आपल्या शेतात एजंट ऑरेंज मारतात" हे विधान चूक आहे. 2,4,5-टीला भारताने नोंदणीच नाकारलेली आहे. 2,4-डीबद्दल तक्रारीला वेगळी कारणं आहेत, त्याकडे खाली येतो.

गॅल्स्टन तोवर येल विद्यापीठात प्राध्यापक होते. फवारणीच्या बातम्या वाढल्या तशी 1966 मध्ये त्यांनी वनस्पतिशरीरक्रियाशास्त्रज्ञांच्या आपल्या संघटनेने विरोधाचा ठराव करावा असा प्रयत्न केला. संघटनेने अंग काढून घेतलं. मग त्यांनी आणि काही सहकाऱ्यांनी आपापल्या नावाने अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांना पत्र लिहिलं. परराष्ट्र खात्याकडून उत्तर आलं की ही द्रव्यं माणसांना, जनावरांना घातक नाहीत. इथे त्यांचं तज्ज्ञपण कामी आलं. युद्ध वाईट, असं तर कुणीही म्हणत होतं. त्यांचा मुद्दा असा होता की इतक्या मात्रेत, उष्ण कटिबंधातल्या जंगलावर आणि खारफुटीवर काय होतं याचा अभ्यास कुणीच केलेला नाही. मग निर्धोक आहे हे ठरवलं कशावरून? हार्वर्डचे पोषणतज्ज्ञ जाँ मायर यांनी त्याच सुमाराला दुसरी बाजू मांडली: पीक जाळून उपासमार घडवली तर बंदूकधारी सैनिक सर्वांत शेवटी उपाशी राहतो, लहान मुलं आणि म्हातारी माणसं आधी. फेब्रुवारी 1967 मध्ये हार्वर्डचेच जीवशास्त्रज्ञ मॅथ्यू मेसेल्सन आणि जॉन एडसॉल यांच्या पुढाकाराने 5,000 हून अधिक शास्त्रज्ञांच्या सह्यांचं निवेदन गेलं, त्यात 17 नोबेल विजेते होते.

सह्यांनी फवारणी थांबली नाही. थांबवली ती उंदरांनी. राष्ट्रीय कर्करोग संस्थेसाठी बायोनेटिक्स प्रयोगशाळेने केलेल्या चाचण्यांत 2,4,5-टी दिलेल्या गाभण उंदरिणींची पिल्लं विकृत जन्मली. हा अहवाल 1969 मध्ये बाहेर आला. जॉन्सन यांच्यानंतरचे अध्यक्ष निक्सन यांचे विज्ञान सल्लागार तेव्हा ली ड्युब्रिज होते. गॅल्स्टन पूर्वी कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक या संस्थेत शिकवत असताना तिथले अध्यक्ष हेच होते. गॅल्स्टन, मेसेल्सन आदी त्यांना भेटले, आणि ऑक्टोबरअखेर ड्युब्रिज यांनी 2,4,5-टीवर निर्बंध जाहीर केले. एप्रिल 1970 मध्ये लष्कराने एजंट ऑरेंजचा वापर स्थगित केला. त्याच वर्षी फेब्रुवारीत वॉशिंग्टनच्या एका परिषदेत गॅल्स्टन यांनी मागणी केली होती की एखाद्या प्रदेशाची सजीवसृष्टी जाणूनबुजून नष्ट करणं, ज्याला त्यांनी 'इकोसाइड' म्हटलं, हा वंशसंहारासारखाच आंतरराष्ट्रीय गुन्हा ठरवावा.

1970 च्या ऑगस्टमध्ये मेसेल्सन, वनतज्ज्ञ आर्थर वेस्टिंग आदी मंडळी प्रत्यक्ष व्हिएतनामला जाऊन आली. सर्वांत वाईट अवस्था खारफुटीची दिसली. आतल्या जंगलात एका फवारणीनंतर बरीच झाडं पुन्हा पालवत; खारफुटी एकाच फवारणीत जात होती. आपल्या कोकणातल्या खाड्यांत असतं तेच कांदळ तिथेही मुख्य. मोठ्या कांदळाचे वरचे डोळे मेले की त्याला बुंध्यातून फुटवा येत नाही, आणि झाडालाच रुजलेल्या त्या लांब शेंगा खाली पडून नवी रोपं होतात, त्याही झाडाबरोबर संपल्या. नुसती भरती-ओहोटी येत राहिली, चिखल उघडा. सायगॉनजवळच्या कॅन झो भागात 1978 पासून दूरच्या का माऊहून त्या शेंगा आणून, हाताने चिखलात खोचून जंगल पुन्हा उभं केलं. 2000 मध्ये युनेस्कोने त्याला जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा दिला. पुनर्लागवडीचं इतकं मोठं काम वनस्पतिशास्त्रज्ञांनी आणि गावकऱ्यांनी मिळून केलं, आणि तरी या विषयावरच्या लिखाणात त्याला एखादी ओळ मिळते, याची मला नेहमी चुटपुट लागते.

आता जैविक बाजू. इथे मामला रोगशास्त्रज्ञांचा, आणि आपल्या आणखी जवळचा. डेट्रिकने पिकांविरुद्ध जी अस्त्रं निवडली त्यातली प्रमुख दोन म्हणजे गव्हावरचा काळा तांबेरा आणि भातावरचा करपा. 1951 ते 1969 या काळात तांबेऱ्याचे 30 टनांहून जास्त बीजाणू साठवले गेले. करप्याचे जवळपास टनभर. बीजाणू तयार करायचे म्हणजे एरवी ज्या रोगाविरुद्ध शेतकरी झगडतो तोच रोग मुद्दाम एकरच्या एकर गव्हावर पाडायचा आणि यंत्राने शोषून गोळा करायचा. टाकायचे कसे? 1950 च्या एका अहवालात टर्कीच्या पिसांना बीजाणू फासून ती शेतावर सोडल्याचे प्रयोग आहेत, कबुतरांचेही आहेत. प्रचारपत्रकं टाकण्यासाठी बनवलेला 500 पौंडी बॉम्ब पिसांनी भरायचा, अशी ती रचना. ऐकायला पोरखेळ वाटतो. पण तांबेऱ्याला नेम लागत नाही. एकेका शेतात चार ठिकाणी लागण झाली की उरलेलं काम वारा आणि दव करतात.

या कामात सल्ला घेतला गेला त्यांत मिनेसोटाचे एल्विन स्टॅकमन होते. तांबेऱ्याचे वंश ओळखण्याची पद्धत बसवणारे, जगातले त्या काळचे सर्वांत मोठे तांबेरातज्ज्ञ, आणि नॉर्मन बोरलॉग यांचे गुरू. बोरलॉग मेक्सिकोत तांबेऱ्याला तोंड देणारा गहू पैदा करत होते, तोच गहू पुढे भारतात आला. आणि त्यांचे गुरू त्याच सुमाराला तांबेरा शस्त्र म्हणून कितपत चालेल याचं मूल्यमापन लष्कराला देत होते. स्टॅकमन यांना खलनायक ठरवायची माझी इच्छा नाही. युद्ध नुकतंच संपलेलं, समोरच्याकडेही असं काही असेल ही भीती खरी. पण ज्ञान तेच आहे हे नीट बघावं. कुठल्या वंशाने कुठलं वाण पडतं, किती तापमानाला, किती तास ओल हवी, वारा बीजाणू कुठून कुठे नेतो. आपल्याकडे महाबळेश्वरच्या गहू तांबेरा संशोधन केंद्रात वर्षानुवर्षं हेच बघितलं जातं, कारण काळा तांबेरा निलगिरीच्या डोंगरांत वर्षभर जिवंत राहतो आणि वाऱ्याबरोबर उत्तरेला सरकतो. प्रत्येक प्रतिकारक वाणामागे हा अभ्यास आहे, आणि तोच कागद उलटा वाचला तर शस्त्राचा आराखडा.

निक्सन यांनी 25 नोव्हेंबर 1969 ला जैविक अस्त्रं सोडून देत असल्याचं जाहीर केलं, साठे पुढच्या तीन-चार वर्षांत नष्ट झाले, आणि 1972 चा जैविक शस्त्रबंदी करार 1975 मध्ये लागू झाला. त्यात पिकांचे रोगही येतात.

2,4-डीकडे वळतो, कारण या कृत्रिम ऑक्झिनाचा स्वभाव आपल्याकडच्या शेतकऱ्याने कुठलाही निबंध न वाचता ओळखला आहे. उसात मारलेलं 2,4-डी वाऱ्याने शेजारच्या द्राक्षबागेत गेलं की शेंडे वाकडे होतात, पानं पंख्यासारखी आखडतात. सांगली-नाशिककडे यावरून बांधाबांधांवर भांडणं झालेली आहेत. कपाशीवर तर फवारणीही लागत नाही. तणनाशकाचा पंप नीट न धुता कीटकनाशकाला वापरला तरी कपाशीची पानं भेंडीच्या पानासारखी चिरटी निघतात. बाजारात 2,4-डी तीन रूपांत मिळतं: सोडियम क्षार, अमाइन क्षार आणि इथाइल एस्टर. एस्टरची वाफ होते आणि ती फवारणी संपल्यावरही फिरत राहते. शेजारी द्राक्ष, कपाशी, टोमॅटो असेल तर एस्टर नको, आणि तणनाशकाला पंप वेगळा. व्हिएतनामात वापरलं ते एस्टरच. झाडाच्या मेणचट पानातून ते पटकन आत शिरतं म्हणून निवडलेलं.

तुमच्या प्रश्नात न विचारलेला एक भाग आहे, तो म्हणजे मग विद्यार्थ्याने विषय निवडताना काय करावं. गॅल्स्टन यांनी याचं उत्तर दिलेलं आहे आणि मला ते पटतं. धोक्याचं वाटेल असं संशोधन टाळलं की सुटलो, असं त्यांना आधी वाटायचं. सोयाबीनच्या फुलोऱ्याहून निरुपद्रवी विषय कुठला असतो? अनुभवाने त्यांचं मत बदललं. निष्कर्ष एकदा छापला की तो कुणाच्या हाती जातो ते आपल्या हातात नाही. त्याचं पुढे काय होतंय यावर नजर ठेवणं आणि चुकीचं होत असेल तर आपल्याच विद्येच्या जोरावर उभं राहणं, एवढं हातात असतं. ते 2008 मध्ये वारले, त्याआधी बरीच वर्षं येलमध्ये त्यांनी जैवनीतिशास्त्र शिकवलं. क्राउस-स्टॅकमन यांच्या वाटेला जायचं की गॅल्स्टन यांच्या, हा प्रश्न विषय निवडताना पडत नाही. तो पंधरा-वीस वर्षांनी, नोकरीत पाय घट्ट रोवल्यावर पडतो, आणि तेव्हा संघटना अंग काढून घेतात.

आणि कायद्याने हे सगळं कायमचं बंद झालं आहे, असंही समजू नका. 1993 च्या रासायनिक शस्त्रबंदी कराराला भारताने 1996 मध्ये मान्यता दिली आणि आपले जाहीर केलेले साठे 2009 पर्यंत नष्टही केले. पण त्या करारात युद्धातल्या तणनाशकांचा उल्लेख प्रस्तावनेत आहे, बंदीच्या कलमांत ती स्वतंत्रपणे नाहीत. अमेरिकेने 1975 मध्ये अध्यक्ष फोर्ड यांच्या आदेशाने युद्धात तणनाशकांचा प्रथम वापर सोडला, मात्र लष्करी तळांमध्ये आणि तळाच्या कुंपणालगतच्या पट्ट्यात ती मारण्याची मुभा त्याच आदेशात राखून ठेवली आहे.